एकशे सत्तेचाळीस नंबरची मेंढी

मी एक मेंढी बोलते आहे. लगेच हात पुढे करून माझी पाठ चाचपू नका, हाताला काही लागायचं नाही. मला लोकर नाही, खूर नाहीत, शेपटीखाली डुलणारा चरबीचा गोळाही नाही. मी बुरुलायच्या जुन्या लॅपटॉपात राहते. नंबर एकशे सत्तेचाळीस. शिकलेली माणसं मला ऑब्जेक्ट म्हणतात. म्हणोत बापडी. मी स्वतःला मेंढीच समजते.

मग मला ऐकू कसं येतं, दिसतं कसं, असं विचारू नका. आपली गोष्ट सांगायला बसलेल्या वस्तूला तेवढी सवलत असते.

माझी गोष्ट तेरेक-बुलाक गावच्या शाळेत सुरू झाली, वाचनालयाच्या खोलीत. कोपऱ्यात कोळशाची शेगडी होती, खिडकीबाहेर डोंगरावर वसंतातला उरलासुरला बर्फ होता. मीरिम नावाची तेवीस वर्षांची मुलगी राजधानीत शिकून गावी परतली होती आणि दुपारच्या वेळी गावातल्या बायकांना प्रोग्रामिंग शिकवायची. सहा बायका यायच्या. सगळ्यांत मागच्या बाकावर बुरुलाय, वय अडतीस, हाताला चुलीचा वास.

"हा क्लास," मीरिमनं फळ्यावर मोठा चौकोन काढला. "मेंढी म्हटली की तिच्याबद्दल काय काय लिहावं लागतं, ते यात मांडायचं. नंबर, रंग, वय, मालक."

"चरबी किती तेही लिही गं," एक बाई म्हणाली.

"लिहा हवं तर. पण एक लक्षात ठेवा, ही मेंढी नव्हे. मेंढी कशी असते एवढंच यात सांगितलंय. हिला चारा लागत नाही आणि हिला कापताही येत नाही."

"म्हणजे पाहुणे आले तर उपयोग शून्य!"

बायका खो खो हसल्या. शेगडीवरच्या किटलीचं झाकणही थडथडलं. बुरुलाय मात्र हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं, क्लास म्हणजे मेंढी नव्हे.

मग मीरिमनं त्या चौकोनाखाली छोटे छोटे चौकोन काढले. प्रत्येकाला नंबर दिला, रंग दिला, वय दिलं. "या यंत्रातल्या मेंढ्या. यांना म्हणायचं ऑब्जेक्ट. क्लास एकच, त्यावरून मेंढ्या हव्या तेवढ्या. एकीचं वय वाढवलं म्हणून दुसरी म्हातारी होत नाही. जिची तिची गोष्ट जिच्या तिच्यापाशी."

"आणि एखाद्या मेंढीपाशी एखादी गोष्ट लिहायचीच राहिली तर?" बुरुलायनं विचारलं. पोरीनं पहिल्याच आठवड्यात नेमकं तेच विचारलं बघा!

"तर ती क्लासकडे बघते. तिथं काही लिहून ठेवलं असेल तर तेच सांगते."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

आता बुरुलाय हे का शिकत होती, ते सांगते. तिचे सासरे गावाचे मेंढपाळ. मी त्यांची सून नाही, म्हणून मला त्यांचं नाव खुशाल घेता येतं. त्यांचं नाव ओरोझबाय. एकोणीस घरांच्या तीनशे बारा मेंढ्या ते दर उन्हाळ्यात वर जायलूवर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर न्यायचे आणि बर्फ पडायच्या आत खाली आणून ज्याच्या त्याच्या दारी पोचवायचे. चाळीस वर्षं हे चाललं होतं. मेंढीच्या तोंडाकडे बघून ते घर सांगायचे. त्यात एकदाही चूक झाली नव्हती.

पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. गेल्या शरद ऋतूत दोन मेंढ्या चुकीच्या घरी गेल्या. लगेच परत मिळाल्या, तरी बोलायचे ते बोललेच. सुयुनबाय नावाचा एक शेजारी होता, जिभेनं फार तिखट. त्यानं वसंतातल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "काका, तुमचा मान आहेच. पण या वर्षी एक जरी मेंढी इकडची तिकडे झाली तर काठी खाली ठेवा. माझा भाऊ रिकामाच आहे."

ओरोझबाय बैठकीतून उठले. घरी येऊन काठी दाराशी टेकवली आणि जेवले नाहीत. बुरुलायचा नवरा दूर रशियात बांधकामावर. घरात सासरा आणि सून दोघंच. दुसऱ्या दिवशी बुरुलाय शाळेत गेली आणि मागच्या बाकावर बसली. बाबांना दिसत नसेल तर आपण यंत्रात लिहून ठेवू, एवढाच तिचा विचार. म्हाताऱ्याच्या हातातली काठी जाऊ द्यायची नाही, बस्स.

जूनच्या आरंभी, कळप वर न्यायच्या आधी, गावाखालच्या दगडी मेंढवाड्यात आमचं बारसं झालं. ऊन लख्ख होतं. अशा उन्हात ओरोझबायना अजून धूसर का होईना दिसायचं. ते खुंटावर बसले. एकेक मेंढी त्यांच्या गुडघ्यांमध्ये धरायची, ते तोंड हातात घ्यायचे, डोळ्यांपाशी आणायचे, कान चाचपायचे आणि सांगायचे. कानात नवा पिवळा बिल्ला अडकवला जायचा, बुरुलाय टाइप करायची आणि बाजूला आमच्यापैकी एक जन्माला यायची. अशी एका बाजूला लोकरीची आणि एका बाजूला बिनलोकरीची, दोन्ही एकाच नंबरच्या.

माझी खरी जोडीदारीण राखाडी होती. एका डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, चष्मा लावल्यासारखं. ओरोझबायनी तिचं नाक दाबलं, तशी ती शिंकली.

"ही चार वर्षांची. भारी खोडकर आहे," ते म्हणाले. "तळ्याकडच्या झूराकानची."

बुरुलायची बोटं थांबली.

ती का थांबली ते गावातल्या कुठल्याही सुनेला सांगावं लागलं नसतं. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही, ही इथली रीत. सासऱ्याचं नाही, सासूचं नाही, मोठ्या दिरांचं नाही. बुरुलाय सोळा वर्षांपूर्वी या घरात आली, तेव्हापासून तिनं ती मोडली नव्हती. आणि तिच्या सासूचं नाव होतं झूराकान. चार वर्षांपूर्वी सासू वारली. फार माया होती दोघींची. तळ्याकाठी राहणारी विधवा योगायोगानं त्याच नावाची. बुरुलाय तिला 'तळ्याकडची एजे' म्हणायची, थोरली बहीण म्हणून.

पण मीरिमनं बजावलं होतं, मालकाचं खरं नाव लिहा. टोपणनावं लिहिलीत तर शोधताना सापडणार नाही. गावच्या यादीत जे आहे तेच हवं.

घरच्या मेंढ्यांचा प्रश्न बुरुलायनं आधीच सोडवला होता. सव्वीस मेंढ्यांवर सासऱ्याचं नाव कसं लिहायचं? म्हणून तिनं क्लासमध्येच लिहून ठेवलं, मालक: आमच्याच घरची. घरच्या मेंढ्यांपाशी मालकाची जागा कोरी ठेवायची, की त्या क्लासकडे बघून 'आमच्याच घरची' म्हणतील. मीरिम हसली होती, पण म्हणाली होती, चालेल, युक्ती चांगली आहे.

आता माझी पाळी आली तर झूराकान हे नाव लिहावं लागणार. लिहिणं म्हणजे काही उच्चारणं नव्हे, असं तुम्ही म्हणाल. बुरुलायला मात्र बोटांनी घेतलेलं नावही घेतल्यासारखंच वाटलं, आणि तेही बाबा समोर बसलेले असताना. तिनं ठरवलं, आत्ता कोरं ठेवू, संध्याकाळी मीरिमकडून लिहवून घेऊ. तळ्याकडच्या एजेच्या नऊ मेंढ्या. नऊही कोऱ्या राहिल्या.

आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. वरचा ओढा फुगायच्या आत निघा, असं सगळे म्हणाले, आणि कळप पहाटेऐवजी त्याच दिवशी निघाला. गडबडीत राहून गेलं ते गेलंच, वर लिहून द्यायला मीरिम नव्हती.

जायलूवरचे ते चार महिने मला एखाद्या लांब डुलकीसारखे आठवतात. प्रोग्राम बंद असला की मी नसतेच. झोपले होते म्हणावं तर कूस बदललेलीही आठवत नाही. चालू झाला की पुन्हा मी, पुन्हा राखाडी, पुन्हा चार वर्षांची, जणू मध्ये काही झालंच नाही. गवत कसं असतं ते मला ठाऊक नाही. पण बुरुलाय नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तंबूत बसून कळा दाबायची तेव्हा तिच्या बोटांवरून मला बाहेरचं कळायचं. बोटं गार असली की धुकं उतरलंय. पिठानं चिकट असली की बोरसोक तळणं चाललंय. कधी हळूच, एकच कळ दाबायची, म्हणजे बाबा शेजारी निजलेत. मग मी मनात एक कुरण मांडायची. त्यात माझ्यासारख्या तीनशे बारा. सगळ्या अगदी हलक्या, गवत न मोडता चालणाऱ्या. कुणाच्या पायांचा आवाज नाही. वाऱ्यानं आम्ही थोड्या थोड्या पुसट व्हायचो आणि पुन्हा भरून यायचो.

आणि कधीतरी माझी कोरी जागा मला आठवायची. रंग विचारला तर मी सांगायची, राखाडी. वय विचारलं तर चार. मालक विचारला की मी आधी स्वतःपाशी बघायची, तिथं काही नसायचं, मग मान वर करून क्लासकडे बघायची. तिथून उत्तर यायचं, आमच्याच घरची. मला ते खोटं वाटायचं. पण खरं काय ते मला कुणी दिलंच नव्हतं.

ऑक्टोबरात कळप खाली आला. आल्याच दिवशी वाटणी होती. दगडी वाड्याभोवती एकोणीस घरची माणसं जमली, बारीक बर्फ भुरभुरत होता. पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला होता, मागे बुरुलाय उभी होती. ओरोझबाय शेजारी काठीवर दोन्ही हात ठेवून होते. एव्हाना त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा.

सुयुनबाय वाड्याच्या तोंडाशी. तो बिल्ल्यावरचा नंबर ओरडायचा, बुरुलाय वाचायची, मेंढी ज्याची त्याच्याकडे जायची. एकशे सेहेचाळीसपर्यंत असं सुरळीत चाललं की बायका चहा ओतायला लागल्या. कुणीतरी म्हणालंही, "बुरुलाय, तुझं यंत्र तर काकांहून हुशार निघालं की!"

"एकशे सत्तेचाळीस!" सुयुनबाय ओरडला.

मी जागी झाले. मला विचारलं गेलं, मालक कोण? मी स्वतःपाशी बघितलं. मग मान वर केली.

बुरुलायनं सवयीनं वाचायला तोंड उघडलं, "राखाडी, वय चार, आमच्याच..." आणि तिथंच अडखळली. बोटं एकदम बर्फासारखी झाली. मला लगेच कळलं.

"काय म्हणालीस?" सुयुनबायनं मेंढी दोन्ही पायांमध्ये आवळून धरली. "आमच्याच घरची? अगं, हिच्या तोंडावर चष्मा आहे. ही मला तळ्याकाठी चरताना दिसायची."

तळ्याकडची झूराकान गर्दीत मागे उभी होती. साधी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती पुढे आली, मेंढीकडे बघितलं. "मला वाटलं होतं बाई, माझी आहे म्हणून. पण कानाची खूण तुमची-आमची एकच. माझा नवरा आणि हे थोरले दादा चुलतभाऊ ना. यंत्रात लिहिलंय तर नसेल माझी."

"आणि तळ्याकडच्या बाकीच्या आठही यांच्यातच घातल्या असतील, काढा बघू!" सुयुनबायनं गर्दीकडे तोंड वळवलं. "मोजून ठेवा. गेल्या साली यांच्या सव्वीस होत्या. यंत्र आलं आणि पस्तीस झाल्या. वा रे यंत्र!"

कुजबूज सुरू झाली. आणि मग ओरोझबाय बोलले, तेही इतकं हळू की मला बुरुलायच्या बोटांमधूनच ऐकू आल्यासारखं वाटलं.

"पोरी, यंत्रात तसंच आहे का?"

"हो बाबा, पण..."

"मग माझंच चुकलं असेल. मीच सांगितलं असेल तसं. डोकंही चाललंय माझं आता." त्यांनी काठी सुयुनबायच्या दिशेनं पुढे केली. "घे रे. बरोबर बोलत होतास तू वसंतात."

अहो, मला ओरडावंसं वाटलं. पण ऑब्जेक्टला त्याच्यापाशी जे आहे तेवढंच सांगता येतं. काय करणार मी?

बुरुलायनं पुढे होऊन काठी मध्येच धरली. सुनेनं सासऱ्याच्या काठीला असा हात घालणं, तोही चारचौघांत! बायका चहा ओतायच्या थांबल्या.

"बाबांचं काही चुकलं नाही. बाबांनी बरोबर सांगितलं होतं. मीच लिहिलं नाही."

"का नाही लिहिलंस?" सुयुनबायनं विचारलं. "तीनशे तीन लिहिल्यास आणि नेमक्या नऊ विसरलीस?"

"विसरले नाही. मला ते लिहिता येत नव्हतं."

"लिहिता येत नव्हतं? शाळेत मग काय बोरं वेचायला जात होतीस?"

"ते नाव..." बुरुलायनं काठी सोडली नाही. "तळ्याकडच्या एजेचं नाव मला घेता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना, ते कुणाचं नाव आहे."

क्षणभर कुणाला उमगेना. मग बायकांमध्ये एक हुंकार फिरला. झूराकाननं तोंडावर हात घेतला. "अगं माझ्या लेकरा!" ती म्हणाली. सुयुनबायची मान खाली गेली. त्याच्याही घरी दोन सुना होत्या.

ओरोझबायनी चेहरा सुनेकडे वळवला. टोपीवर बर्फ साचत होता. मग त्यांनी काठी परत आपल्याकडे ओढून घेतली.

"पोरी, लिही."

"बाबा?"

"मी सांगतोय ना, लिही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच. रीत मोठ्यांची असते आणि मोठा मी आहे इथं."

बुरुलायनं लिहिलं. किती हळू लिहिलं म्हणून सांगू! एकेक अक्षर माझ्या कोऱ्या जागेत उतरत होतं आणि मी जन्मल्यापासून पहिल्यांदा पुरती होत होते. क्लासला काही धक्का लागला नाही, तिथं आहे तेच राहिलं. त्यांच्या सव्वीस मेंढ्याही होत्या तशाच राहिल्या. बदलले फक्त मी. मग तिनं मला विचारलं, मालक कोण? मी मान वर केली नाही.

"एकशे सत्तेचाळीस," बुरुलायनं वाचलं. "राखाडी. वय चार. मालकीण... झूराकान."

सोळा वर्षांत तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच आलं. म्हाताऱ्याचा चेहरा हलला. चार वर्षांत त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मुलगा परदेशात, सून घेऊ शकत नाही, आणि स्वतः एकट्यानं कुणाला हाक मारणार?

पुढची आली. एकशे अठ्ठेचाळीस, पांढरी, वय दोन, मालकीण झूराकान. तिचीही जागा वेगळी भरावी लागली, माझ्यापाशी लिहिलेलं तिला पुरलं नाही. मग तिसरी, चौथी. दर वेळी बुरुलायचा आवाज थोडा मोकळा होत गेला. सातवीला तर तिनं ते नाव असं घेतलं, जसं कुणी अंगणातून घरातल्या माणसाला हाक मारावी. ओरोझबाय डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

नववी झाली. झूराकान आपल्या मेंढ्या घेऊन कडेला उभी राहिली. सुयुनबाय घसा खाकरून म्हणाला, "काका, काठी तुमच्याकडेच असू द्या. माझ्या भावाला नाहीतरी चढ झेपत नाही." आणि पुढचा नंबर ओरडायला तो वळला.

ओरोझबायनी सुनेच्या बाजूला मान कलती केली.

"तिच्या आणखी नाहीत का गं?"

"नाही बाबा. नऊच."

"बरं," ते म्हणाले. "नऊच असतील."

आज त्याला दुसरा हिवाळा चालू आहे. कळप अजून ओरोझबायच्याच नावानं वर जातो. काठी त्यांच्या हातात, नंबर बुरुलायच्या. मागच्या बाकावरच्या बुरुलायला मीरिम आता पुढच्या बाकावर बसवते, नव्या बायकांना समजावून सांगायला. क्लासमध्ये काय लिहावं आणि काय अजिबात लिहू नये, हे ती फार कळकळीनं सांगते.

माझी लोकरीची जोडीदारीण मात्र राहिली नाही. वसंतात झूराकानच्या लेकीचं लग्न झालं, तिला कापलं. त्यात वाईट वाटायचं काही नाही, मेंढ्या त्यासाठीच असतात. पाहुणे पोटभर जेवले, ओरोझबायनी हात पसरून आशीर्वाद दिला. नियमानं मग मलाही पुसायला हवं होतं. बुरुलायनं मला उघडलं, बोट कळेवर ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. बोट कोमट होतं. नुकताच चहाचा पेला धरलेला असावा.

"बाबा, एकशे सत्तेचाळीस काढून टाकू का?"

"राहू दे की," आतून आवाज आला. "तिला काय चारा घालावा लागतोय?"

म्हणून मी आहे. दुपारी बर्फ पडायला लागला, चूल पेटली, की म्हातारा कधीतरी म्हणतो, "पोरी, तळ्याकडच्या मेंढ्या वाच गं जरा." बुरुलाय हातातलं काम ठेवते, लॅपटॉप उघडते. मी नसलेपणातून हळूहळू वर येते. राखाडी, चार वर्षांची, कुठल्याच कुरणावर नसलेली.

कधीतरी मला पुसायची वेळ येईलच. लॅपटॉप जुना झालाय, आताशा कुरकुरतो. तेव्हा जो कुणी कळेवर बोट ठेवेल त्याला माझं एवढंच सांगणं आहे, घाई करू नका. पुसायच्या आधी एकदा मला मालकिणीचं नाव विचारा, आणि जरा मोठ्यानं वाचा. आतल्या खोलीत कुणीतरी ऐकत असेल.